आधी गणपती, मग देवी

बा,

हे कागद उद्या भिजणार आहेत. माझ्या लेकाने सकाळी आणून टाकले, जुनी वर्तमानपत्रं आणि शाळेतल्या पाठकोऱ्या प्रश्नपत्रिका, आणि म्हणाला, "आये, म्हैसासुराचा डावा गाल उंदरांनी खाल्ला. एवढं फाडून ठेव, उद्या लगदा करतो." मी बरं म्हटलं आणि ओटीवर ढीग घेऊन बसले. पण पाठकोरा कागद दिसला की माझा हात शिवशिवतो. चौथीपर्यंत शिकवलंस ना मला, सगळी वाडी हसत असताना? मग आता भोग. फाडायच्या आधी तुला चार ओळी लिहिते. तू गेलास त्याला इतकी वर्षं झाली की तुला ओळखणारी माणसंसुद्धा एकेक करून संपत आली, आणि तू ज्या वयात गेलास त्याच्या पुढे तर मी केव्हाच निघून आले. म्हणजे आता तुझ्याशी जरा बरोबरीने बोलायला हरकत नाही.

चिंचोके शिजल्याचा वास आला की मी अजून लहान होते. आईच्या चुलीवर मडकं आहे, त्यात खळ रटरटतेय आणि आई करवादतेय, "भाताचं मडकं घेतलंत तुमी! आता यात काय शिजवू, देवीचं नाक?" घरात तू बोलायचासच कुठे? आई दोघांच्या वाटचं बोलून घ्यायची. तुझ्या मांडीवर देवीचा मुखवटा उताणा पडलाय, तेल लावायला घेतलेल्या पोरासारखा, आणि तू त्याच्या आतल्या अंगाला बोटाने लगदा लावतोयस. मी विचारते, बाहेरून लाव ना, आतून कोण बघतंय? तू मान वर न करता म्हणतोस, "मी बघतो ना गो. मला आतच ऱ्हायचं असतं." दुपारचं ऊन कुडाच्या फटीतून आत येतं, त्याच्या पट्ट्या देवीच्या कपाळावर पडतात, आणि मला वाटतं तिने आता डोळे उघडले. आई म्हणते, पोरीला झोप आली, आत घाला तिला. मला झोप आलेली नसते. मला ते तसंच चालू राहायला हवं असतं, एवढंच.

त्याच वर्षी तू मला रागावलास. जन्मात एकदाच रागावलास, म्हणून पक्कं लक्षात आहे. बोहाड्याच्या शेवटच्या दिवशी उन्हं नुकती वर आली होती आणि तू देवी होऊन नाचत येत होतास, तांबडं लुगडं, पायात चाळ, तोंडावर तो टोपल्याएवढा मुखवटा. मी आईचा हात सोडला आणि "बा!" म्हणून ओरडत तुझ्याकडे धावले. तू थांबला नाहीस. मान वळवली नाहीस. माणसांनी मला उचलून बाजूला केलं आणि मी घसा फुटेपर्यंत रडले. घरी आल्यावर मला वाटलं तू जवळ घेशील, तर तू समोर उभा राहिलास आणि म्हणालास, "मुखवटा बांधला की मी तुझा बा नाय. परत हाक मारायची नाय. देवीला बा म्हटलं तर देवी जाते, आणि बा पण धड ऱ्हात नाय." मी तेव्हाच कानाला खडा लावला. बा धड राहणार नाही म्हटल्यावर कोण पोर हाक मारेल?

बोहाडा म्हणजे काय हे तुला काय सांगायचं म्हणा. पण माझी नातसून डोंबिवलीची आहे, तिला परवा समजावून सांगितलं तेच हाताला लागलंय म्हणून लिहिते. होळी सरली की आपल्याकडे देवांची आणि राक्षसांची सोंगं निघतात, एकेक करून, संबळाच्या तालावर, गावाच्या वाटेवरून नाचत. ज्या घराण्याचं जे सोंग ते त्यानेच घ्यायचं, आणि मुखवटा त्याच घरात वर्षभर पूजेत राहायचा. आधी गणपती येणार. मग बाकीचे. सगळ्यांत शेवटी देवी येणार आणि म्हैसासुराला मारणार, आणि मग आपण पाऊस मागायला मोकळे. हा क्रम मोडला तर त्या वर्षी गावाचं काही खरं नाही, असं मानणारी आपण माणसं. आपली वरची वाडी आणि नदीपलीकडचं खालचं गाव, दोघांचा बोहाडा एकच. देवी आपल्या घरात. गणपती आणि म्हैसासुर खालच्या गावात. आणि त्या म्हैसासुराच्या घरात तू मला दिलीस. हळदीला बायका चिडवत होत्या, देवीची लेक रेड्याच्या दावणीला बांधली म्हणून. मी पण हसले होते. तेव्हा हसायला काय जात होतं?

मग ते टहाळाचं भांडण झालं. वाफ्यावर पाला जाळून राब भाजल्याशिवाय आपलं भाताचं रोप होत नाही आणि राबाला झाडांचा टहाळ तोडून आणावा लागतो, हे पण मी नातसुनेला सांगितलं. ती म्हणाली, एवढ्या फांद्यांसाठी भांडलात? आता तिला काय सांगू, की टहाळ नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही, आणि लढाईच्या त्या दिवसांत विकतचा दाणा मिळायचा नाही. नदीकाठची ऐनाची झाडं, वरच्यांना वाटायचं आपली, खालच्यांना वाटायचं आपली. एका सकाळी दोन्हीकडची माणसं एकाच वेळी कोयते घेऊन चढली. माणसांपेक्षा शिव्या जास्त होत्या म्हणतात. त्या झटापटीत माझ्या सासऱ्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. कोयता कोणाचा ते कोणालाच धड सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांच्या पंचांनी देवळात पाणी सोडून आण घेतली, जो नदी ओलांडील तो वाळीत. पाणी, विस्तव, लग्नकार्य, सगळं बंद. माझं माहेर हाकेच्या अंतरावर होतं, बा. आपल्या वाडीतला कोंबडा आरवला की मला सासरी ऐकू यायचा. आणि मी तिथे जाऊ शकत नव्हते.

त्या दिवसांतल्या बोहाड्याची आठवण झाली की अजून हसू येतं, आणि हसून झालं की बरं वाटत नाही. वर सुरुवात होईना, खाली शेवट होईना. वाडीत देवी होती पण गणपती नव्हता, म्हणून तुम्ही घाईघाईने नवा गणपती केलात आणि पहिल्याच फेरीत त्याची सोंड गळून पडली. खालच्यांनी नवी देवी केली. तिचे डोळे असे झाले होते की एकही बाई आपलं पोर तिच्या पायावर घालायला पुढे येईना. माझी सासू म्हणाली, "ही देवी नाय, ही सावकारीण दिसते." पुढच्या वर्षी शहापूरहून फौजदार आला. त्याने दोन्हीकडच्या लोकांकडून चांगल्या वागणुकीचे जामीन घेतले, बोहाड्याला बंदी केली, आणि जाताना देवळातल्या लाकडी तलवारी हत्यारं म्हणून कचेरीत घेऊन गेला. लाकडी तलवारी! पोरं दोन दिवस त्याच्या नकला करत होती. पण गावात हसू उरलं ते तेवढंच.

आता मला जे सांगायचंय त्याकडे येते, नाहीतर कागद संपायचा. आई आपली दोन्ही गावांची सुईण होती. आडवं आलेलं मूल तिच्या हाताने सरळ होऊन बाहेर यायचं, मुरबाडच्या बाजूची माणसं सुद्धा तिला न्यायला यायची. वाळीत टाकायची आण घेताना एकाही पुरुषाच्या डोक्यात आलं नाही की सुईण नदीपलीकडे राहिली. त्या पावसाळ्यात माझी मोठी जाऊ अडली. ती मला वेणी घालायची, माझ्या वाटची भांडी घासायची. सासरे ओटीवर येरझारा घालत होते आणि तिची आई म्हणत होती, बोलवा हो कोणीतरी, बोलवा. कोणी गेलं नाही. नदीला पूर होता असं मागाहून सगळे म्हणाले. पूर नव्हता, बा. मी पाणी आणायला जात होते, मला माहीत आहे. ती गेली आणि मूल पण गेलं, आणि त्या घरात पुढे कोणी त्याबद्दल बोललं नाही. आणि मग थंडी सरता सरता मला दिवस असल्याचं सगळ्यांना दिसायला लागलं.

मी भ्यायले होते. इतकी वर्षं झाली, आता लाज कसली? मी इतकी भ्यायले होते की संध्याकाळी चुलीपाशी बसले तरी पाय गार पडायचे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हा रिवाज. पण माहेर नदीपलीकडे आणि नदी बंद. तुझा जावई कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर, महिन्यातून कधीतरी यायचा. तो म्हणाला, मी बापाशी बोलतो. बोलला, आणि दोन दिवस बापलेकांत अबोला. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी माझी गत. आणि डोहाळे तरी कसले लागावेत? माती खावीशी वाटायची. ती पण कुठलीही नाही. आईच्या चुलीची भाजकी माती, तिच्यावर शेणाचा हात फिरलेला असतो ती. सासूने तिच्या चुलीची काढून दिली, चांगल्या मनाने दिली, तर मला ओकारी झाली. खेकडे विकणारी कातकरीण दोन्ही गावांत फिरायची, तिला कोणाची आण नव्हती. तिच्याजवळ एकदा मी हे बोलून गेले आणि दोघी हसलो. मी निरोप म्हणून नव्हतं सांगितलं. बोलले, एवढंच.

तो दिवस आठवायला लागले की त्याला आगापिछा सापडत नाही. चैत्रातली कलती दुपार. मी पडवीत सुपात नाचणी पाखडतेय. गाव सुस्त पडलंय, कुत्री सुद्धा सावलीला, आणि लांबून चाळांचा आवाज येतो. मला आधी वाटतं माझ्याच कानात वाजतंय, त्या दिवसांत कानात काहीबाही वाजायचंच. मग संबळ ऐकू येतो, चाचरत वाजणारा. मी उठून बघते, तर नदीच्या कोरड्या पात्रातून देवी येतेय. भर उन्हात. टेंभा नाही, माणसं नाहीत, मागे एकटा संबळवाला. झळांमुळे खालचं काही धड दिसत नाही, पाय नाहीत, वाळू नाही, नुसतं तांबडं लुगडं हवेतून हळूहळू पुढे येतंय आणि त्याच्यावर तो मोठा पिवळा चेहरा, आपल्या ओटीवर माझ्यासमोर रंगवलेला. तिच्या हातात तलवार नाही, तलवार कचेरीत. तिच्या हातात ऐनाची डहाळी आहे, कोवळ्या पालवीची. त्याच झाडांची, बा. एवढा शहाणा माणूस तू, आणि तीच झाडं मिळाली तुला!

गाव जागं झालं. पुरुष काठ्या घेऊन वाटेवर आले. कोणीतरी म्हणालं, "टहाळ मिरवत आला बघा, आपल्याच दारात." कोणी म्हणालं, परत धाडा. पण मुखवटा बांधलेल्याला अडवायचं नाही, ही आपली रीत, आणि वाट द्यायला पण कोणी तयार नाही. तू उभा. ते उभे. संबळवाल्याचा ताल सुटला आणि मग संबळ थांबलाच. मला वाटलं आता कोणीतरी काठी उगारणार. मी पोटावर हात ठेवला आणि मला एवढंच सुचलं की आत जाऊ नये, इथेच उभं राहावं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या घरातली म्हातारी बाहेर आली, तिला दिसायचं कमी पण आवाज असा की डोळखांबपर्यंत जावा. ती देवीकडे बघून नाही, गावावर ओरडली, "अरे मेल्यांनो, गणपती कुठाय? गणपती आल्याबिगर देवी आली कशी? गावाचं वाटोळं करता काय?"

आणि तिथे सगळं फिरलं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं म्हणून लिहिते, नाहीतर मीच विश्वास ठेवला नसता. काठ्या धरलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. वैर होतं, होतंच, पण देवी गावात शिरली आणि गणपती घरात बसून? हे त्यांच्याने बघवेना. एक म्हणाला, गणपती काढा रे. दुसरा म्हणाला, ज्याचं सोंग तो मुरबाडच्या बाजाराला गेलाय. तिसरा म्हणाला, मग त्याच्या भावाला बांधा, आधी हळद आणा, धूळ पुसा, संबळ आपला काढा, त्या वरच्याला वाजवता येत नाय. जो तो धावायला लागला. काठ्या कुठे पडल्या कोणाला आठवलं नाही, दुसऱ्या दिवशी पोरं त्या गोळा करत होती. फौजदाराच्या बंदीची आठवण पण कोणाला झाली नाही. आणि गणपती तयार होईपर्यंत देवीला उन्हात ताटकळत ठेवायचं नाही, तिने म्हैसासुराच्या दारात थांबायचं, ही जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली. तू चाळ वाजवत चालत आलास आणि माझ्या दारात उभा राहिलास.

दारात आलेल्या देवीचे पाय घरातल्या मोठ्या सुनेने धुवायचे. सासू तांब्या घेऊन बाहेर आली, क्षणभर थांबली, आणि तांब्या माझ्याकडे दिला. मोठी सून आता मीच होते. मी खाली बसले. त्या पोटाने बसणं काही सोपं नव्हतं, भिंतीला हात लावून बसले. आणि समोर तुझे पाय. भेगा पडलेल्या टाचा, वाळू चिकटलेली, आणि नांगराच्या फाळाने वाकडा झालेला तो डावा अंगठा. मी लहान असताना त्या अंगठ्याला धरून उभी राहायला शिकले, असं आई सांगायची. लग्नानंतर पहिल्यांदा मी तुला शिवत होते. पाणी ओतलं, हाताने वाळू काढली, टाचेची, बोटांमधली. घाई कशाला करू? गणपतीची सोंड अजून पुसून व्हायची होती. मी वाकून तोंडातल्या तोंडात काही बोलले, सासूला वाटलं देवीचं नाव घेते. वर बघायची हिंमत नव्हती, वर बघितलं तर तिथे तू नसतास, तो पिवळा चेहरा असता. मी खालीच बघत राहिले. माझ्या सगळ्या आयुष्यात इतका वेळ कोणी माझ्यासमोर न हलता उभं राहिलेलं नाही.

मग सासूने मला देवीची ओटी भरायला लावली, मूठभर तांदूळ आणि सुपारी. आणि देवीने आपल्या पदरातलं माझ्या ओटीत घातलं. रीतच आहे, गरोदर बाईला देवी परत देते. तांदूळ पडले आणि तांदळाबरोबर एक काळपट ढेकूळ पडलं, सुपारीपेक्षा थोडं मोठं. मला बघायची गरज पडली नाही. वासानेच तोंडाला पाणी सुटलं. आईच्या चुलीची माती. त्या कातकरणीचं तोंड माझ्याइतकंच सैल होतं म्हणायचं. मी पदर घट्ट धरला आणि सगळ्यांदेखत रडायला लागले, आणि बायका म्हणाल्या, देवी प्रसन्न झाली हो. प्रसन्न झालीच होती. खोटं काय त्यात?

गणपती आला, घाईत बांधलेला, एका कानावर कललेला, आणि त्याने फेरी मारली तेव्हा गावाने सुटकेचा श्वास टाकला. मग सगळे माझ्या सासऱ्यांकडे बघायला लागले. ते खांबाला टेकून बसले होते. ते माझ्याकडे बघत होते, माझ्या पदराकडे. उठले, आत गेले, आणि म्हैसासुर घेऊन बाहेर आले. मुखवटा तोंडाला लावला, पण मागची गाठ मारता येईना. उजव्या हाताची दोन बोटं नाहीत, गाठ मारून देणारा मुलगा कसाऱ्याला, आणि थोरला तर बायको गेल्यापासून घरी फिरकलाच नव्हता. एकदा दोरी निसटली, परत निसटली. मदतीला जायला माणसं पुढे झाली तर ते गुरकावले. मग देवी त्यांच्या मागे गेली, डहाळी काखेत धरली, आणि म्हैसासुराची गाठ मारून दिली. पक्की, तुझ्या पद्धतीची, दुहेरी. त्यानंतर तुम्ही दोघं नाचलात. दोन म्हातारे उन्हात, दोघांचे संबळवाले एका तालावर यायला जरा वेळ लागला, पण आले. देवीने पालवी छातीवर मारली आणि म्हैसासुर पडला. रोज रात्री जेवून झोपायला पडावा तसा सावकाश, कंबर सांभाळत पडला.

पण तो उठेना. सासू धावली, मी धावले. त्यांनी पडल्या पडल्या मुखवटा वर सरकवला, चेहरा घामाने आणि पाण्याने भिजलेला, आणि ते देवीकडे बघून म्हणाले, "एक सून घालवली मी. पूर नव्हता नदीला. दुसरी नाय घालवायची मला. व्याही, लेक घेऊन जावा." मग जरा वेळाने, उठून बसल्यावर, "टहाळाचं मागून बोलू. ते मी सोडलेलं नाय." सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही, तसला माणूस. पण त्या एका वाक्यासाठी मी त्यांची मरेपर्यंत सेवा केली आणि कधी जड वाटली नाही. मुखवट्यात बोलायचं नसतं. तो मोठा चेहरा फक्त खाली झाला आणि वर झाला.

मी तुझ्यामागून नदी ओलांडली. माझं बोचकं सासूने बांधून दिलं होतं. वाडीत पोचेपर्यंत मुखवटा सोडायचा नाही म्हणून सगळी वाट तू देवीच होतास, पुढे तू, मधे संबळवाला, मागे मी, आणि ऊन उतरत चाललेलं. मला वाटत होतं ही वाट संपूच नये, आणि पाय पण दुखत होते. घरी आईने तुझी गाठ सोडली. आत तुझा चेहरा लालबुंद, केस चिकटलेले. आता काहीतरी बोलशील म्हणून मी दाराशी उभी. तू घटाघट पाणी प्यायलास आणि आईला म्हणालास, "खळ कमी पडली. नाक हलतंय." एवढंच! आईने कपाळाला हात लावला आणि मला आत ओढलं.

पुढचं तुला माहीत आहे. माझं मूल आडवंच होतं, बा. आईच्या हाताने सरळ झालं. तेच आज म्हैसासुराचं सोंग घेतं, त्याचाच गाल उंदरांनी खाल्ला. टहाळाचं मिटलं, एक वर्ष वरच्यांचा, एक वर्ष खालच्यांचा, आणि तोंडाने भांडणं चालू ठेवायला दोन्हीकडच्यांना मुभा. त्या झाडांवरून परत कोणाचं रक्त निघालं नाही. फौजदार चौकशीला आला होता, दोन गावं एकत्र पंगतीला बसलेली बघून त्याने तलवारी परत दिल्या आणि वर जेवून गेला. त्याच्याच सांगण्यावरून मुरबाडकडच्या एका भांडणाऱ्या गावाने तुला मग बोलावलं, आमच्यात पण समेट करून द्या म्हणून. तू सगळा संच घेऊन गेलास. गणपती आधी, मग शारदा, मग देवी, सगळं रीतसर. त्यांनी बघितलं, वाहवा केली, जेवू घातलं, आणि तुझी पाठ वळली तशी परत डोकी फोडली. मी विचारलं, काय झालं? तू म्हणालास, "सगळं बरोबर केलं गो. म्हणून फसलं. त्यांना उठायला काय कारणच ऱ्हायलं नाय."

म्हणून तर माणसं अजून सांगतात की तू मुद्दाम चुकलास. बोहाड्याचा क्रम तोंडपाठ असलेला माणूस, तो देवीला गणपतीच्या आधी काढील कसा? दोन गावांची शांतता व्हावी म्हणून त्याने चूक केली, असं आमच्याकडे पोरांना शिकवतात, आणि सभेत कोणीतरी बोलतंच. मी मान डोलावते. मी तुला एकदाच विचारलं होतं, मुद्दाम केलंस का रे बा? तू कोयत्याला धार लावत होतास. म्हणालास, "घाई झाली होती मला." आता कसली घाई, दोन गावांची की माझी, ते विचारायचं राहिलं. गणपती बांधायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ तू माझ्या दारात उभा होतास, एवढं मला माहीत आहे. गावाला शांतता मिळाली ती मिळाली, चांगलंच झालं. तो वेळ मात्र माझा आहे, तो मी सभेत कोणाला देत नाही.

चिंचोके शिजले वाटतं, वास आला. हे पत्र पोस्टात जायचं नाही, ते उद्या म्हैसासुराच्या गालात जाईल, आतल्या बाजूने लावायला सांगते. होळीनंतर तो देवीच्या समोर उभा राहील. त्या वेळी तुला वाचायचं तर वाच. एक तेवढं सांगायचं राहिलं होतं. पाय धुताना मी देवीचं नाव घेतलं नव्हतं. मी "बा" म्हटलं होतं. तू नको म्हणाला होतास, तरी म्हटलं, अगदी हळू, पाण्याच्या आवाजात. आणि मला वाटलं तुझा वाकडा अंगठा हलला. पाणी गार होतं म्हणून हलला असेल, तर तसं राहू दे, मला सांगू नकोस.